‘व्हेंटिलेटर नको’ एवढ्यानं भागत नाही : वैद्यकीय इच्छापत्र प्रकल्पाच्या नोंदी

काम : ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासदांसाठी वैद्यकीय इच्छापत्राचा, म्हणजे लिव्हिंग विलचा, मराठी नमुना तयार करणे आणि ज्यांना हवं त्यांचं कागदपत्र पुरं करून देणे.
ठिकाण : खान्देशातलं एक तालुक्याचं गाव.
नोंदी ठेवणार : संघाची सचिव, निवृत्त स्टाफ नर्स.

१० मार्च २०२५

मासिक बैठकीत शोकप्रस्ताव झाला. नंतर चहा आला तरी कुणी जागचं हललं नाही. गेलेल्या सभासदाचं शेवटचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं. मेंदूत रक्तस्राव. आधी जिल्ह्याच्या गावी, तिथून पुढे मोठ्या शहरात. व्हेंटिलेटर, गळ्याला भोक पाडून नळी, डायलिसिस. शेताचा एक तुकडा गेला. शेवटी मुलांनी डामा घेतला. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय अशी सही करून पेशंट घरी आणला. अँब्युलन्समधला ब्रदर रस्ताभर अँबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायचा फुगा, दाबत होता. फाट्यावर गाडी वळली तेव्हा त्यानं थोरल्याला विचारलं, ‘दादा, गाव आलं. आता थांबू का?’ थोरल्यानं काय उत्तर दिलं ते त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आबा म्हणाले (आबा आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक), ‘सिस्टर, तुमचा जन्म आयसीयूत गेला. हे लिहून ठेवायची कायद्यात सोय आहे म्हणतात. तुम्हीच बघा.’ ठराव झाला. सूचक आबा, अनुमोदक बापू. बापू केळीवाले, वय ७४. त्यांनी तिथंच वहीचं पान फाडून लिहून दिलं : ‘मला कधीही व्हेंटिलेटर लावू नये.’ खाली सही, तारीख. ‘घ्या, माझं झालं.’

पान फाईलला लावलं आहे. त्यावर पुढे बोलायचं आहे.

१८ मार्च

निकाल वाचले. संघातल्या वकीलसाहेबांनी प्रिंट दिल्या. मला लागलं तेवढं इथं.

अरुणा शानबाग प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ७ मार्च २०११ चा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली आमचीच एक सिस्टर. २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, त्यात तिचं भान गेलं, आणि १८ मे २०१५ ला ती गेली. मधली सगळी वर्षं तिथल्या सिस्टर्सनी तिला सांभाळलं. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला बेडसोर झाला नव्हता. ज्यानं दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलली आहे त्यालाच कळेल ही केवढी गोष्ट आहे ते. न्यायालयानं तिचं अन्न बंद करायला परवानगी दिली नाही, पण उच्च न्यायालयाच्या संमतीनं जीवरक्षक उपचार थांबवता येतील ही वाट त्याच निकालानं उघडली.

९ मार्च २०१८ : कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. सन्मानानं मरणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, आणि सज्ञान, शुद्धीतल्या माणसाला आपले पुढचे उपचार आधीच लिहून ठेवता येतात, असा निकाल दिला. पण अटी अशा की कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. आमच्या तालुका कोर्टात जामिनाच्या आणि बांधाच्या भांडणांच्या गर्दीत म्हाताऱ्यांनी उभं राहून ‘साहेब, माझ्या मरणावर सही करा’ म्हणायचं. कोण जाणार?

२४ जानेवारी २०२३ : त्याच न्यायालयानं ही अट काढली. आता दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. एकाहून जास्त जवळच्या माणसांची नावं निर्णयासाठी देता येतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

कागद वापरायची वेळ आली तर उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, हे पहिलं मंडळ. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं दिलेला एक डॉक्टर आणि दोन वेगळे तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. नाव दिलेल्या माणसाची संमती घ्यायची. मग अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्याला कळवायचं. २०१८ च्या नियमांत तज्ज्ञांना २० वर्षं अनुभव लागत होता. तसे तीन डॉक्टर एका खोलीत जमवायचे तर आमच्या भागात लग्नच काढावं लागलं असतं.

२६ मार्च

बापूंचं पान घेऊन त्यांच्या घरी गेले. ओट्यावर बसलो.

मी विचारलं, ‘बापू, रात्री खळ्यात झोपता ना उन्हाळ्यात?’

‘झोपतो की.’

‘खाली?’

‘खालीच. खाट कोण नेतं?’

‘मण्यार चावली तर?’

गप्प झाले. मण्यार काय करते हे इथं वेगळं सांगावं लागत नाही. दंश कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू गळतात. अशा माणसाला सर्पविषाची लस आणि काही दिवस व्हेंटिलेटर मिळाला तर तो आपल्या पायांनी घरी जातो. असे पेशंट चालत घरी गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. कपाशीवर फवारताना विषबाधा झालेले पाहिलेत, नळी काढल्यावर पहिला शब्द ‘चहा’ म्हणणारे. यंदा जानेवारीत पुण्यात जीबीएसची, म्हणजे हातपाय आणि श्वासाचे स्नायू लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराची, साथ आली, तिथंही व्हेंटिलेटरवरून उतरून बरे झालेले लोक आहेत.

यंत्र तेच. मण्यारीच्या पेशंटला ते बरं होईपर्यंत श्वास पुरवतं. मेंदू संपलेल्या, किंवा कर्करोग फुप्फुसभर पसरलेल्या माणसाचं मरण ते लांबवतं. म्हणून कागदावर यंत्राचं नाव लिहून भागत नाही. कोणत्या अवस्थेत ते नको, हे लिहावं लागतं.

बापू म्हणाले, ‘मग फाडा ते पान.’ फाडलं नाही. नमुन्याच्या कामात दाखवायला उपयोगी पडेल.

४ एप्रिल

इंटरनेटवरून मिळालेले नमुने वाचून काढले. बहुतेक वकिली भाषेत, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या ड्युटी डॉक्टरच्या हातात हा कागद पडणार. त्याच्याकडे दोन मिनिटं असतात, शेजारी रडणारे नातेवाईक असतात. त्याला वाचून कळलं पाहिजे.

आमच्या मसुद्याचे मुद्दे (पहिला हात) :

‘मी बोलू शकतो आणि समजून निर्णय घेऊ शकतो तोवर हा कागद लागू नाही. मलाच विचारा.’

‘बरा होऊन स्वतःचं भान असलेलं आयुष्य जगण्याची वाजवी शक्यता असेल तर व्हेंटिलेटरसह सगळे उपचार करा.’

‘तशी शक्यता आहे की नाही हे लगेच कळत नसेल तर उपचार मुदतीनं सुरू करा. मुदत डॉक्टरांनी माझ्या माणसाला सांगावी. मुदतीनंतर सुधारणा नसेल तर थांबवण्याची प्रक्रिया सुरू करा.’

‘आजार बरा न होणारा, अखेरच्या टप्प्यातला असेल आणि मला भान परत येणार नसेल तर : छाती दाबून हृदय चालू करणं, व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी इंजेक्शनं, हे सुरू करू नका, सुरू असेल तर काढा.’

‘वेदना, धाप, तडफड यांवरचं औषध कधीही थांबवू नका. मॉर्फिन लागलं तर द्या. त्यानं गुंगी वाढली तरी माझी हरकत नाही.’

शेवटचा मुद्दा मी हट्टानं घातला आहे. ‘उपचार नको’ म्हटलं की पेशंट कोपऱ्यातल्या खाटेवर जातो आणि सिस्टरही तिकडे कमी फिरते. नको ते लिहिताना हवं ते दुप्पट ठळक लिहायला हवं.

छाती दाबण्याबद्दल वकीलसाहेबांनी विचारलं, एवढं काय त्यात? सिनेमात दोनदा दाबलं की माणूस उठून बसतो. ऐंशीच्या घरातल्या हाडांवर तळहात टेकवून पूर्ण जोर दिला की बरगडी मोडते, ती हाताला कळते. हार्ट अटॅकमध्ये वेळेवर केलं तर जीव वाचतो म्हणून ते करायचं. कर्करोगानं सुकलेल्या देहावर ते करण्यात कुणाचं भलं होतं, मला माझ्या सगळ्या नोकरीत कळलं नाही. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २०२० मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. कोणत्या पेशंटला हे करू नये ते डॉक्टरांनी घरच्यांशी बोलून आधीच ठरवून लिहावं, असा त्यांचा रोख आहे.

१२ एप्रिल

नाकातल्या नळीवर अडलो. सगळ्यांत जास्त वाद इथं झाला, व्हेंटिलेटरवर झाला नाही.

‘उपाशी मारायचं का म्हाताऱ्याला?’ असं एक काकू म्हणाल्या आणि बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. आपल्याकडे दारात आलेल्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. तिथं आईची नळी काढा म्हणायला जीभ रेटत नाही.

मी जे माहीत आहे ते सांगितलं. मरणाच्या जवळ गेलेलं शरीर अन्न मागत नाही. भूक आधीच गेलेली असते, आणि जबरदस्तीनं ओतलेलं छातीत उतरतं. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यापेक्षा घरच्यांनी चमच्यानं, बसवून, जेवढं जाईल तेवढं भरवावं. तोंड कोरडं पडतं त्याचा त्रास खरा. त्यासाठी बोटाला गॉज गुंडाळून पाण्यात बुडवायचा, दात, जीभ, टाळा पुसायचा, ओठांना तूप लावायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. हे लेकीसुनांना शिकवता येतं, मी शिकवते.

काकूंचं समाधान झालं नाही. मग नमुन्यात नळीसाठी वेगळी ओळ ठेवली आणि पुढे दोन चौकोन : ‘हवी’, ‘नको’. सगळ्यांनी एकसारखंच भरावं असा आग्रह नाही. काकूंनी ‘हवी’वर खूण केली. त्यांचा कागद, त्यांचं पोट.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

कामाला सुट्टी, तरी नोंद करते. घागर भरली, पितरांना पुरणपोळी आणि आमरस. लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके. गल्लीतल्या दोन घरांत विषय निघाला. एका घरी सासरेबुवांनीच काढला. सून म्हणाली, ‘सणाचं अभद्र नका बोलू, दादा.’ ते म्हणाले, ‘आजचा दिवसच माझ्या बापाचा अन् आजाचा आहे. उद्या त्या घागरीत मी बसणार.’ सगळे हसले आणि नंतर बोलणं नीट झालं. आमच्याकडे वर्षात लेकी, सुना, जावई एकत्र असण्याचे दिवस थोडेच. संघातून सगळ्यांना निरोप दिला : पाहुणे जायच्या आत घरी बोलून घ्या. पोरी परत गेल्यावर फोनवर हा विषय होत नाही.

९ मे

आबांनी विनोबांचं काढलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देणारे विनोबा. साने गुरुजी ती उतरून घेत. पुढे पवनारला १९८२ च्या नोव्हेंबरात त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ तारखेला गेले. आबांचं म्हणणं, आपण करतोय ते त्याच परंपरेतलं.

मला ते पटत नाही. विनोबा शेवटपर्यंत भानावर होते, त्यांनी स्वतः नको म्हटलं. त्यांना कागदाची गरज नव्हती. जैन घरांतला संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारायचं व्रत, त्यावर २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती स्थगित केली, तोही माणूस स्वतः संकल्प करून घेतो. आपला कागद ज्याचं तोंड मिटलंय त्याच्यासाठी आहे. शिवाय यात मरण मागणं नाही. आजार आपल्या चालीनं नेतोय, त्याच्या वाटेत काय उभं करायचं नाही एवढंच आहे. आबा म्हणाले, ‘प्रस्तावनेत घालू या की विनोबांचं नाव, लोकांना जवळचं वाटेल.’ नाही घातलं. लोक वाचतील आणि समजतील की संघ उपास करून मरायला शिकवतो.

२२ मे

नगरपालिका. प्रत ठेवून घेणारा कस्टोडियन कोण, हे विचारायला गेले. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलानं कागद वाचला आणि म्हणाला, ‘आजी, मृत्यूची नोंद मृत्यू झाल्यावर.’ त्याचं बरोबरच आहे म्हणा. आस्थापना विभागात गेले, आरोग्य विभागात गेले, मुख्याधिकारी मीटिंगला जिल्ह्याला.

मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी कस्टोडियनच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर राज्यात स्थानिक संस्थांमध्ये हे अधिकारी नेमले गेले. नेमणूक कागदावर आहे, खिडकीपर्यंत उतरलेली नाही. वकीलसाहेबांच्या सल्ल्यानं संघाच्या लेटरहेडवर अर्ज दिला : २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार नेमलेल्या अधिकाऱ्याचं पद कळवावं. आवक शिक्का घेतला. वाद घालण्यापेक्षा आवक नंबर बरा.

१० जून

अर्जाचं उत्तर आलं. पद कळलं. प्रत घेतील, पोच देतील. नवे मुख्याधिकारी तरुण आहेत, त्यांनी स्वतः फोन करून विचारलं की नमुना मिळेल का, त्यांच्या वडिलांसाठी हवाय.

१७ जून

आजची नोंद लांब होईल.

‘माझ्या वतीनं निर्णय कोण घेणार’ हा रकाना लोक मोकळा सोडतात. किंवा डोळे मिटून थोरल्या मुलाचं नाव घालतात. नमुन्यातले बाकीचे मुद्दे मी दुपारभरात समजावून देऊ शकते. हा एक रकाना घराघरांत आठवडेच्या आठवडे घेतो, आणि माझ्या मते सगळा कागद यावरच उभा आहे. आजाराचं सगळं आधी लिहिता येत नाही. जे लिहिलेलं नाही ते कुणीतरी त्या क्षणी, तुमच्यासारखा विचार करून ठरवायचं असतं.

कसा माणूस हवा? प्रेम करणारा हवा, पण ते पुरत नाही. भावाबहिणींसमोर उभा राहील असा हवा. खान्देशातल्या घरांची घडी आता अशी की एक जण शेतीवर, एक सुरतला, एक पुण्याला, लेक नाशिकला. शेतीवरचा रोज औषधं देतो, ढुंगण पुसतो. सुरतचा शेवटच्या दिवशी गाडी करून येतो आणि आयसीयूच्या दारात म्हणतो, ‘पैशाचं टेन्शन घेऊ नका, वाट्टेल ते करा.’ त्याच्या पोटात अपराधीपणा असतो, तो डॉक्टरवर निघतो. मी अशा भावांच्या मधे उभी राहिलेली आहे, सलाईनचा स्टँड हातात धरून.

माझंच सांगते. मुलगा सुरतला, गुणी, दर रविवारी फोन. पण मला ताप आला तरी त्याचा आवाज बदलतो. माझी धाकटी जाऊ भिंतीपलीकडे राहते. सासूबाईंच्या शेवटी आम्ही दोघींनी रात्री वाटून घेतल्या होत्या. तिला माझं ‘नको’ कळतं. मी तिचं नाव घातलं.

मुलाचा फोन आला. ‘आई, मी आहे ना? का मी मेलोय?’

म्हटलं, ‘तू आहेस म्हणूनच तुझ्यावर हे ओझं नको.’

‘लोक काय म्हणतील, पोरगा असून काकूनं ठरवलं?’

मग फोन ठेवला. नंतर सुनेचा आला. ती म्हणाली, ‘आई, तुम्ही बरोबर करताय. ह्यांना माझ्या सिझेरियनच्या फॉर्मवर सही करताना घाम फुटला होता.’

शेवटी दोघांची नावं घातली आणि खाली ओळ : दोघांचं मत जुळलं नाही तर माझ्या जावेचं मत माझं समजावं. वकीलसाहेबांच्या मते असं लिहायला हरकत नाही. मुलाला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. पुढच्या रविवारी बोलू.

८ जुलै

आक्कांचा कागद झाला. आक्का अठ्ठ्याहत्तरच्या, एकट्या, मागे पुतण्या. लिहिता-वाचता येत नाही, अंगठा. म्हणून मी सगळा मजकूर मोठ्यानं वाचला, एकेक मुद्द्याला थांबत. वकीलसाहेबांनी स्टॅम्प पेपर आणायला सांगितला होता. निकालात स्टॅम्पची अट कुठं दिसत नाही, पण नोटरीसाहेबांना बरं वाटतं म्हणून पाचशेचा आणला.

नोटरीनं समाधान करून घ्यायचं असतं की माणूस आपखुशीनं आणि समजून करतोय. बहुतेक जण नुसता शिक्का मारतात. हे नोटरीसाहेब साक्रीकडचे निघाले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी अहिराणीतच विचारलं, ‘आक्का, हाऊ कागद कसाना शे, माहीत शे का तुमले?’

आक्का म्हणाल्या, ‘माहीत शे. माले घर मरनं शे. दवाखानामा नही.’

नोटरीसाहेबांनी तेवढंच टाचणात लिहून घेतलं. शाईचा पॅड सुकलेला होता, त्यावर पाण्याचा थेंब टाकावा लागला. आक्कांचा अंगठा शेतकामानं इतका गुळगुळीत झालाय की ठसा दोनदा उमटेना. तिसऱ्यांदा साक्षीदारानं हात धरून दाबला. मग आक्कांनी अंगठा पदराला पुसला आणि विचारलं, पुतण्याला घर मिळेल ना याच्यानं? याच्यानं नाही मिळणार, घरादारासाठी वेगळं मृत्युपत्र करावं लागतं, हे पुन्हा समजावलं. तेही करून देऊ.

अवयवदान, देहदान यांचंही लोक यातच विचारतात. त्याचे फॉर्म वेगळे. इच्छापत्रात एक ओळ लिहिता येते, पण तेवढ्यावर विसंबू नका, असं नमुन्याच्या पाठीमागे छापलं आहे. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्यात जी आगाऊ सूचना असते तीही निराळी.

३ ऑगस्ट

कानबाईचा सण. काम बंद. गल्लीत रात्रभर जागरण.

१९ ऑगस्ट

बापू आजारी. न्यूमोनिया, त्यात बिडीनं आधीच कामातून गेलेली फुप्फुसं. सकाळी धाकट्या मुलाचा फोन : डॉक्टर जळगावला न्या म्हणतात, पण बापूंनी तर लिहून दिलंय काही करायचं नाही म्हणून, मग नेऊ की नको?

‘बापू बोलताहेत का?’

‘बोलताहेत, पण दमताहेत.’

‘मग कागद ठेव कपाटात. गाडी काढ.’

मागोमाग मीही गेले. तिथल्या डॉक्टरांचं मला बरं वाटलं. त्यांनी मुलाशी न बोलता खाटेजवळ वाकून बापूंना विचारलं, ‘नाकातोंडावर घट्ट मास्क लावू का? तीन-चार दिवस. घशात नळी नाही.’ बापूंनी मान हलवली. बायपॅप लावलं.

हा प्रकार नमुन्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा. बापूंचा कागद नीट होता. मार्चचं ते पान नव्हतं, सगळे मुद्दे असलेला, साक्षीदार-नोटरी झालेला कागद होता. तरी घरात त्याचा अर्थ ‘काही करू नका’ असाच उतरला. घरचे कागद वाचत नाहीत. कागद ‘केलाय’ एवढंच त्यांच्या लक्षात राहतं. आणि तालुक्यात खरा निर्णय दोन मंडळांसमोर होतच नाही. इथल्या बहुतेक दवाखान्यांत एकच एमडी असतो. निर्णय ओट्यावर होतो, गाडी काढायची की नाही यावर. म्हणून बदल : पहिला मुद्दा, ‘मी बोलू शकतो तोवर मलाच विचारा’, सगळ्यांत वर, मोठ्या टायपात, चौकटीत. त्याखाली ‘बरं होण्यासारखा आजार असेल तर दवाखान्यात न्या’. आणि सही झाल्यावर घरच्यांना समोर बसवून एकदा वाचून दाखवल्याशिवाय संघ प्रत हातात देणार नाही.

३० ऑगस्ट

बापू घरी. आवाज बसलाय, बिडी मागतात.

१२ सप्टेंबर

बापू स्वतः चालत कार्यालयात आले. त्यांना कागदात बदल हवा आहे. मास्क चालेल, घशातली नळीही एकदा चालेल, पण गळ्याला भोक नको, कोणत्याही परिस्थितीत. बाजूच्या खाटेवरच्याला त्यांनी पाहिलं होतं. मी मण्यारीची आठवण दिली. ‘मण्यार चावली तर पाडा भोक,’ म्हणाले, ‘पण बरा झाल्यावर बुजवा.’ तसं लिहिलं : बरं होण्याची शक्यता असेल तरच, आणि मुदतीनं.

कागद केव्हाही बदलता येतो, रद्दही करता येतो. पण लेखी, आणि बदल करताना पहिल्यासारखीच पद्धत. पुन्हा दोन साक्षीदार, पुन्हा नोटरी. शिवाय जुनी प्रत नगरपालिकेत, फॅमिली डॉक्टरांकडे, थोरल्याच्या मोबाईलमध्ये, धाकट्याच्या कपाटात. त्या सगळ्या बदलायला हव्यात, नाहीतर वेळेला जुनीच पुढे येते. नमुन्यात शेवटी एक तक्ता वाढवला आहे : कोणती प्रत कुणाकडे, कधी दिली, परत घेतली का.

सोमवारी नोटरीची वेळ घेतली आहे. साक्षीदार म्हणून आबा आणि केळी ग्रुपचे एक जण. धाकट्याला सांगितलं आहे, येताना कपाटातली प्रत आण.